गच्चीवरचा कोबा आणि हलके काँक्रीट

जुहू परिसरातील चार-पाच दशकांपूर्वीच्या तीन-चार मजली इमारतींच्या गच्च्यांवर, काँक्रीटच्या स्लॅबच्या वर, विटांचे रोडे आणि सिमेंटचा माल यांचा एक जाड थर घातलेला असतो. बांधकाम व्यवहारात त्याला ब्रिकबॅट कोबा म्हणतात. पावसाचे पाणी नळांच्या तोंडाकडे वाहून जावे म्हणून त्याला ढाळ दिलेला असतो आणि त्यावर बहुधा चिनी मातीच्या तुकड्यांचे, म्हणजे चायना मोझेकचे, आवरण असते. स्लॅबला पाणी लागू न देणे आणि वरच्या मजल्यावरची उन्हाची काहिली कमी करणे ही दोन कामे हा थर पिढ्यानपिढ्या करीत आला आहे. त्याच्या वजनाचा विचार मात्र गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांत क्वचितच होतो. वीस मीटर लांब व दहा मीटर रुंद अशी मध्यम गच्ची धरली, ढाळामुळे कोब्याची जाडी एका कडेला दहा आणि दुसऱ्या कडेला वीस, म्हणजे सरासरी पंधरा सेंटिमीटर मानली आणि कोब्याचे वजन घनमीटरला १,८०० किलो घेतले, तर चौरस मीटरला २७० किलो आणि संपूर्ण गच्चीवर ५४ टन भार पडतो. भारांचा हिशोब ठरवून देणारे आयएस ८७५ हे भारतीय मानक वावराच्या गच्चीसाठी माणसे व सामान यांचा भार चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो, धरायला सांगते. याचा अर्थ असा की माणसांच्या हिशेबी भारापेक्षा जवळजवळ दुप्पट भार हा स्लॅब बाराही महिने रात्रंदिवस वाहत असतो. मूळ आराखड्यात हा भार धरलेला असतो, त्यामुळे पहिल्या थराबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. अडचण पुढे उभी राहते. गळती लागली की जुना कोबा फोडण्याचा खर्च, आवाज आणि धूळ टाळण्यासाठी त्याच्यावरच दुसरा थर चढवण्याची सवय मुंबईत रूढ आहे, आणि तोवर समुद्राच्या खाऱ्या हवेने स्लॅबमधील सळया गंजू लागलेल्या असतात. भार वाढत जातो त्याच काळात तो पेलणारी ताकद घटत जाते.

जुहूला हा प्रश्न इतर उपनगरांपेक्षा अधिक काळ सोबत करणार आहे. १९२८ मध्ये सुरू झालेला जुहूचा विमानतळ, जेथे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, आजही वापरात आहे. त्याच्या धावपट्टीच्या टोकांकडील पट्ट्यात, ज्याला फनेल झोन म्हणतात, इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. लष्करी संदेशवहन केंद्राभोवतीही उंचीच्या अटी आहेत. मुंबईत जुन्या इमारतीचा पुनर्विकास परवडतो तो वर वाढणाऱ्या मजल्यांच्या बळावर. जेथे वर वाढण्यास वाव नाही तेथे विकासक फिरकत नाहीत आणि रहिवाशांना जुनी इमारतच दुरुस्त करीत राहावे लागते. तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार बंधनकारक आहे, परंतु तपासणी दोष दाखवते, भार कमी करीत नाही. शिवाय जुहू हे मुळात साष्टी बेटाच्या पश्चिमेला समुद्रात आडवे पसरलेले, ओहोटीच्या वेळी चालत जाता येईल असे वाळूचे सखल बेट होते. अशा जागी पाया भक्कम खडकापर्यंत नेण्यास जो खर्च येतो, तो वरच्या इमारतीच्या वजनावर अवलंबून असतो. भूकंपाचे गणितही वजनाचेच आहे, कारण जमीन हादरली की इमारतीवर येणारे आडवे बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. म्हणून हलके काँक्रीट हा येथे हौसेचा विषय राहत नाही.

काँक्रीट जड का असते, हे आधी पाहिले पाहिजे. सिमेंट, पाणी, वाळू आणि खडी यांच्या मिश्रणात वाळू व खडी मिळून आकारमानाचा सुमारे पाऊण हिस्सा व्यापतात, आणि म्हणून काँक्रीटचे वजन मुख्यतः दगडावर ठरते. मुंबईची खडी काळ्या फत्तराची, म्हणजे बसाल्टची. बसाल्ट पाण्याच्या पावणेतीन ते तीन पट जड असतो, त्यामुळे सळयांसह येथील काँक्रीट घनमीटरला २,५०० किलोपर्यंत जाते. जुहूपासून अगदी जवळ, अंधेरी पश्चिमेला, सुमारे साठ मीटर उंचीची गिल्बर्ट हिल ही टेकडी उभी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजताना त्याचे जे उभे बहुकोनी स्तंभ झाले, ते तिच्या कड्यावर आजही स्पष्ट दिसतात. एवढ्या विस्तीर्ण ज्वालामुखी प्रदेशात हलका दगड मिळू नये हे प्रथमदर्शनी आश्चर्याचे वाटते. लाव्हारसात वायू अडकला आणि तो फेसाळलेल्या अवस्थेतच थिजला तर प्यूमिस नावाचा पाण्यावर तरंगणारा दगड तयार होतो. दख्खनच्या लाव्हाथरांच्या माथ्यावर बुडबुड्यांची छिद्रे दिसतात खरी, परंतु पुढच्या लाखो वर्षांत त्यांपैकी बहुतेक छिद्रे झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशा खनिजांनी भरून गेली. महाराष्ट्रातील सुंदर झिओलाइट स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले ते याच पोकळ्यांतून. हलकी खडी म्हणून वापरता येईल असा दगड त्यामुळे येथे उरला नाही.

ज्यांना तो लाभला त्यांनी काय केले याचे उदाहरण रोममध्ये आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, १२६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या पँथिऑन या मंदिराचा घुमट ४३ मीटर व्यासाचा असून त्यात एकही सळई नाही, आणि सळईविना काँक्रीटचा त्याहून मोठा घुमट आजवर झालेला नाही. रोमन कारागिरांनी खालच्या थरांत जड दगडाचे तुकडे घातले, वर जाताना क्रमाने हलके पदार्थ घेतले आणि माथ्याजवळ प्यूमिस वापरला. घुमटाची जाडीही खालच्या सहा मीटरांवरून वरच्या वर्तुळाकार झरोक्याजवळ सव्वा मीटरपर्यंत उतरवली. ज्या ठिकाणी भार पेलायचा आहे तेथे जड आणि भक्कम, जेथे फक्त जागा झाकायची आहे तेथे हलके, हा त्यांचा न्याय आजच्या उपनगरी इमारतीलाही लागू पडतो.

दगडाने हलकेपणा दिला नाही तर तो हवेकडून घ्यावा लागतो. हलक्या काँक्रीटचे सगळे प्रकार अखेर एकाच युक्तीचे आहेत: घन पदार्थाच्या जागी हवा ठेवायची. ही हवा खडीच्या कणांत असू शकते, खडीच्या दोन तुकड्यांमध्ये असू शकते किंवा सिमेंटच्या लगद्यातच बुडबुड्यांच्या रूपाने असू शकते. दुसरा प्रकार म्हणजे वाळू न घालता फक्त खडी व सिमेंट यांचे काँक्रीट. ते फारसे हलके होत नाही, पण त्यातून पाणी झिरपत असल्यामुळे पावसाळ्यात तुंबणाऱ्या सखल आवारांच्या फरसबंदीला ते उपयोगी आहे. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारांना मात्र मुंबईच्या आसपास मुबलक मिळणारा एक पदार्थ चालतो, आणि तो म्हणजे औष्णिक वीजकेंद्रांची राख.

भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण सामान्यतः ३० ते ४५ टक्के असते. कोळशाची पूड करून ती भट्टीत जाळली की राखेचा मोठा भाग धुराबरोबर वर उडतो आणि धुराड्यापूर्वी यंत्रणेत अडवला जातो. हीच फ्लाय अॅश किंवा उडती राख. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण बारीक काचेच्या गोळ्यांसारखे दिसतात. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना जो चुना मोकळा होतो, त्याच्याशी या कणांतील सिलिका हळूहळू संयोग पावते आणि जास्तीचा बंधक पदार्थ तयार होतो. जुन्या वाड्यांच्या चुन्यात विटांची सुरखी मिसळली जाई तीही याच कारणासाठी. डहाणूचे ५०० मेगावॅटचे केंद्र आणि नाशिकजवळचे एकलहरे ही दोन्ही केंद्रे जुहूपासून २०० किलोमीटरच्या आत येतात. राखेच्या वापराची सक्ती करणारी केंद्र सरकारची पहिली अधिसूचना १९९९ मध्ये निघाली तेव्हा ती वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या परिघापुरती होती. २००३ मध्ये तो परीघ १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाला. जुहूच्या दृष्टीने स्थानिक पदार्थ म्हणायचा तर राखेइतका खात्रीचा दुसरा नाही. शेतातील सुपीक माती भाजून विटा करण्यापेक्षा ज्या राखेचे ढीग तळ्यांत साठत राहतात ती भिंतीत घालणे हे नदीकाठच्या शेतांच्याही हिताचे आहे.

राखेपासून होणारे सर्वांत परिचित हलके काँक्रीट म्हणजे एएसी ब्लॉक, म्हणजेच वाफेच्या दाबाखाली पक्के केलेले सच्छिद्र काँक्रीट. मुंबई-पुण्याकडचे गवंडी आणि कंत्राटदार त्याला सरसकट ‘सिपोरेक्स’ म्हणतात, मग तो ब्लॉक कोणत्याही कारखान्याचा असो. हे तंत्र मूळचे स्वीडनमधले. तेथे १९२० च्या दशकात वास्तुविशारद आक्सेल एरिक्सन यांनी ते शोधले आणि पुढे सिपोरेक्स या नावाने त्याचा एक प्रकार जगभर पसरला. महाराष्ट्रात ते आणण्याचे श्रेय बी. जी. शिर्के यांचे. वाई तालुक्यातील पसरणीच्या या अभियंत्याने पुण्यात बांधकाम उद्योग उभारला आणि १९७२ मध्ये मुंढवा येथे सिपोरेक्सचे उत्पादन सुरू केले. भारत सरकारने २००३ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवले. सिपोरेक्सच्या भिंती आणि छताच्या फळ्या कारखान्यात ओतून इमारतीच्या जागी जुळवण्याची त्यांची पद्धत मोठ्या संख्येच्या गृहनिर्माण योजनांसाठी वापरली गेली. घरे स्वस्त व लवकर व्हायची तर कारखाना आणि गवंडी यांनी एकत्र काम केले पाहिजे, ही दृष्टी त्या काळी महाराष्ट्रात फार थोड्यांकडे होती, आणि तिची पुरेशी दखल मराठीत घेतली गेलेली नाही.

या ब्लॉकची कृती समजण्यास अवघड नाही. राख किंवा बारीक दळलेली वाळू, चुना, सिमेंट, थोडे जिप्सम आणि पाणी यांच्या पातळ मिश्रणात अगदी थोडी अॅल्युमिनियमची पूड घालतात. चुन्याच्या क्षारतेशी तिचा संयोग होऊन हायड्रोजनचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे सुटतात आणि साच्यातील मिश्रण ढोकळ्याच्या पिठासारखे फुगून वर येते. ते चाकूने कापता येईल इतके घट्ट झाले की ताणलेल्या तारांनी त्याचे ठोकळे पाडतात आणि मग मोठ्या बंद नळकांड्यात, १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि वातावरणाच्या दहा-बारा पट दाबाच्या वाफेत, आठ ते बारा तास ठेवतात. या वाफेतच टोबरमोराइट नावाचे स्फटिकरूप संयुग तयार होते आणि ब्लॉकला बळ देते. तयार ब्लॉक घनमीटरला ५५० ते ६५० किलो भरतो. मुंबईतील जुनी नऊ इंची विटांची भिंत गिलावा न धरता चौरस मीटरला सुमारे ४४० किलो भरते; त्या जागी पंधरा सेंटिमीटरचा ब्लॉक लावला तर वजन १०० किलोच्या आत येते. उष्णतेचे वहनही विटेच्या तुलनेत चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकेच होते, आणि पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या खोल्यांना याचा फायदा रोज जाणवतो.

तरीही या ब्लॉकविषयी तक्रारी ऐकू येतात, आणि त्या खोट्या नसतात. ब्लॉक पाणी शोषतो. पावसाळ्यात उघड्यावर रचून ठेवलेला आणि ओला असतानाच भिंतीत बसवलेला ब्लॉक पुढे सुकताना आकसतो, आणि मग काँक्रीटच्या तुळईच्या व भिंतीच्या सांध्यावर सरळ रेषेत चीर दिसू लागते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि २६ जुलै २००५ रोजी जुहूच्या शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली. अशा पावसात बाहेरच्या भिंतीवरची केसाएवढी चीरही घरात ओल आणते. उपाय ठाऊक आहेत, आणि ते महागही नाहीत: ब्लॉक ताडपत्रीखाली ठेवावेत, विटांसारखे पाण्यात भिजवू नयेत, सांध्यांत जाड मालाऐवजी पातळ थराचा तयार चिकट माल वापरावा, काँक्रीट व ब्लॉक जेथे भेटतात तेथे जाळी ठोकून मगच गिलावा करावा. विटांच्या भिंतीची सवय असलेल्या गवंड्याला हे कोणी शिकवले नाही तर दोष त्याचा नाही.

एएसीला कारखाना लागतो. जागेवर बनवता येणारे हलके काँक्रीट म्हणजे फेसाचे काँक्रीट. त्यात हवा रासायनिक क्रियेने तयार होत नाही, बाहेरून घातली जाते. प्रथिनांपासून बनवलेला किंवा कृत्रिम फेसद्रव पाण्यात मिसळून तो यंत्रातून दाबाने सोडला की दाढीच्या साबणासारखा घट्ट फेस येतो. दुसरीकडे सिमेंट, राख आणि पाणी यांचा लगदा घोटून ठेवलेला असतो, आणि त्यात हा फेस हलकेच कालवतात. फेस किती घातला यावर वजन ठरते, आणि ते मोजण्याची रीत इतकी साधी आहे की कोणत्याही संस्थेचा सचिव ती स्वतः करू शकतो: दहा लिटरचे माप काठोकाठ भरून तोलावे, ओले मिश्रण आठ किलोच्या आसपास भरले तर ते घनमीटरला ८०० किलोच्या वर्गातील आहे. वजनाबरोबर ताकद झपाट्याने उतरते. ८०० किलोच्या फेसकाँक्रीटची दाब सोसण्याची ताकद चौरस मिलिमीटरला अडीच न्यूटनच्या आसपास असते, १,२०० किलोची सहा-सात आणि १,६०० किलोची पंधरा-सतरापर्यंत जाते, तर साध्या इमारतीच्या खांबाचे काँक्रीट पंचवीस-तीस न्यूटनचे असते. या आकड्यांकडे पाहिले की फेसकाँक्रीटचे काम आपोआप ठरते. पेलण्याचे काम त्याच्याकडून होणार नाही. भरण्याचे व उष्णता अडवण्याचे काम त्याच्याइतके चांगले क्वचितच दुसरे कोणी करील.

आसपास मिळणाऱ्या इतर पदार्थांविषयी उत्साह बराच आहे, आणि त्यातील खरे-खोटे वेगळे करणे आवश्यक आहे. जुहू चौपाटीवर शहाळ्यांचे ढीग पडतात म्हणून नारळापासून काँक्रीट करावे अशी कल्पना सहज सुचते. चेन्नईजवळच्या एसआरएम विद्यापीठात ज्या प्रयोगांनी नारळाच्या खडीचे काँक्रीट २,००० किलोच्या आत आणि तरी वीस न्यूटनहून अधिक ताकदीचे होऊ शकते असे दाखवले, ते पक्व नारळाच्या कठीण करवंटीवर झालेले आहेत. शहाळ्याचे कवच ओले, तंतुमय आणि साखरेचा अंश असलेले असते. साखर सिमेंटचे घट्ट होणे रोखते, त्यामुळे शहाळी या कामासाठी निरुपयोगी समजावीत. करवंटी कोकणातील तेलघाण्यांकडून मिळू शकते. भाताच्या तुसाची राख, जी पालघर-रायगडच्या गिरण्यांजवळ मिळते, नियंत्रित तापमानावर जाळलेली असेल तर उत्तम बंधक ठरते, पण ती सिमेंट वाचवते, वजन फारसे कमी करीत नाही. थर्माकोलचे दाणे घातलेले काँक्रीट खरोखर हलके होते. मात्र कालवताना दाणे वर तरंगतात, थर एकसारखा राहत नाही, आणि आगीत थर्माकोल वितळून विषारी धूर सोडतो, म्हणून ते नेहमी जाड आवरणाखालीच हवे. गिरण्यांच्या बॉयलरमधून निघणारी जाड राख, म्हणजे सिंडर, एके काळी मुंबईच्या न्हाणीघरांच्या भरावात सर्रास जाई. तिच्यातील गंधक आणि न जळलेला कोळसा सळयांना घातक, म्हणून सळईजवळ ती कधीही असू नये.

समुद्रकिनाऱ्याची वाळू हा या यादीतील सर्वांत जवळचा आणि सर्वांत धोक्याचा पदार्थ. किनाऱ्यावरून ती उचलणे कायद्याने निषिद्ध आहेच, पण कायदा नसता तरी ती वापरू नये, कारण तिच्यातील मीठ काँक्रीटमध्ये शिरले की सळयांवरचे संरक्षक आवरण मोडते. आयएस ४५६ हे मानक सळयांच्या काँक्रीटमध्ये घनमीटरला ०.६ किलोपेक्षा अधिक क्लोराइड चालवून घेत नाही. विटांचे रोडे आणि पाडकामाचा राडारोडा यांची गोष्ट वेगळी. जेथे दगड मिळत नाही त्या बंगालच्या मैदानी मुलखात विटांची खडी पिढ्यानपिढ्या काँक्रीटमध्ये वापरली जाते आणि ते काँक्रीट दगडाच्या काँक्रीटपेक्षा घनमीटरला तीनशे-चारशे किलो हलके भरते. बांधकाम राडारोड्याचे केंद्रीय नियम २०१६ मध्ये आले आणि मुंबईसाठी दहिसर व शिळ-डायघर येथे प्रक्रिया केंद्रे उभी राहिली; जुहूतील पाडकामाच्या विटा त्या मार्गाने पुन्हा भरावाला येऊ शकतात, मात्र तुकड्यांना चिकटलेले प्लास्टर ऑफ पॅरिस काढून टाकूनच, कारण त्यातील सल्फेट सिमेंटला फुगवते.

खांब आणि तुळयाच हलक्या काँक्रीटच्या का करू नयेत, असा प्रश्न वाचकाला पडेल. तसे करता येते. राखेचे लहान गोळे भट्टीत भाजून कणखर व सच्छिद्र खडी बनवता येते, तिच्यासाठी आयएस ९१४२ या मानकाचा दुसरा भाग २०१८ मध्ये निघाला, आणि तिच्या काँक्रीटचे वजन १,९०० किलोच्या आसपास राहूनही ताकद तीस न्यूटनच्या वर जाते. खारे पाणीही असे काँक्रीट सोसू शकते. अमेरिकेत २८ जून १९१९ रोजी पाण्यात उतरवलेले ‘सेल्मा’ हे तेलवाहू जहाज भट्टीत फुगवलेल्या शेल या खडकाच्या खडीच्या काँक्रीटचे होते. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनजवळ ते १९२२ पासून समुद्रात पडून आहे आणि अनेक दशकांनी तपासलेले त्याचे काँक्रीट चांगल्या स्थितीत आढळले. तेथे हवा खडीच्या आत होती आणि तिच्याभोवतीचा सिमेंटचा लगदा घट्ट व भरीव होता. मीठ सळईपर्यंत पोहोचण्याची वाट त्या लगद्याने अडवली. एएसी आणि फेसकाँक्रीट यांत हवा लगद्यातच असते, म्हणून वाट मोकळी राहते, आणि याच कारणाने सिपोरेक्सच्या फळ्यांतील सळयांना कारखान्यात गंजरोधक लेप द्यावा लागतो. समुद्राचे तुषार लागणाऱ्या पृष्ठभागांसाठी आयएस ४५६ किमान एम ३५, म्हणजे पस्तीस न्यूटनच्या, दर्जाचे काँक्रीट आणि सळयांवर ५० मिलिमीटरचे आच्छादन मागते. भाजलेल्या राखेच्या खडीने हे गाठणे शक्य आहे, पण त्यासाठी खडी आधी भिजवून घेणे, पाण्याचे प्रमाण काटेकोर ठेवणे आणि तुळई अधिक वाकते हे हिशोबात धरणे आवश्यक असते. लहान दुरुस्तीच्या कामांवर एवढ्या शिस्तीची अपेक्षा करता येत नाही. म्हणून जुहूच्या जुन्या इमारतींत खांब-तुळयांना हात लावायचा तो भरीव, घट्ट काँक्रीटनेच, आणि हलकेपणा मिळवायचा तो गच्ची, आडभिंती आणि न्हाणीघरे यांतून.

न्हाणीघराचा स्लॅब शेजारच्या खोलीपेक्षा सुमारे तीस सेंटिमीटर खाली घेऊन तो खड्डा नळांसाठी विटांच्या रोड्यांनी भरला जातो, आणि त्या भरावाचे वजन चौरस मीटरला ५४० किलोपर्यंत जाते. ८०० किलोच्या फेसकाँक्रीटने तेच २४० वर येते. गच्चीच्या वरील हिशोबात कोब्याचे ५४ टन फेसकाँक्रीटने २४ टन होतात, म्हणजे त्या एका स्लॅबवरून तीस टन उतरतात. अट एवढीच की खालच्या स्लॅबवर आणि फेसकाँक्रीटच्या वर असे दोन्ही ठिकाणी जलरोधक थर हवेत आणि वरचा संरक्षक गिलावा चार सेंटिमीटरहून पातळ नसावा, कारण भिजलेले फेसकाँक्रीट जडही होते आणि उष्णताही अडवेनासे होते. अलीकडे एएसी ब्लॉकचे तुटके तुकडे गच्चीवर रचून त्यावर माल ओतण्याची पद्धत दिसते. ती वजनाने हलकी असली तरी तुकड्यांतील पोकळ्यांत झिरपलेले पाणी महिनोन्महिने तेथेच राहते आणि गळती नेमकी कोठे आहे हे शोधणे अशक्य होते, म्हणून ती टाळलेली बरी.

गच्चीच्या दुरुस्तीचा ठराव मांडणाऱ्या प्रत्येक संस्थेने दोन गोष्टींचा आग्रह धरावा: नोंदणीकृत संरचना अभियंत्याने स्लॅब तपासून जुना कोबा पूर्ण उतरवल्याखेरीज नवा थर घालू देऊ नये, आणि कंत्राटदारांकडून दरपत्रके मागवताना चौरस फुटाच्या दराशेजारी चौरस मीटरला किती किलो वजन पडणार याचा रकाना भरून घ्यावा.